वाजणारं झाकण

गल्लीत त्याला सगळे ‘जपून’ म्हणत. कुणी शिडीवर चढलं की हा खालून ‘जपून’ म्हणणार, कुणाच्या हातात गरम चहाचा कप दिसला की ‘जपून’, आणि रस्त्याच्या पलीकडून कुणी नुसता हात हलवला तरी याचं उत्तर ‘जपून’. औषधांच्या दुकानात तो कामाला होता. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव तो इतक्या वेळा वाचायचा की तोवर गिऱ्हाइकाचा ताप दुकानातच उतरत असेल, असं शेजारपाजारचे म्हणत. मुळात माणूस भित्रा होता. हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्याची काही तक्रारही नव्हती.

‘जपून’ हा शब्द तोंडात घेत नसे ती एकटी त्याची आत्या. आईवडील लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. तो शाळेत असतानाच तिची नजर गेली, आधी कडेकडेनं आणि मग पूर्ण. तिनं त्याचा बाऊ केला नाही. वेताच्या खुर्च्या विणायला शिकली आणि गल्लीच्या तोंडाशी सुताराचं दुकान होतं तिथे कामाला लागली. भिजवलेल्या वेताची पट्टी बोटांत घेऊन ती अशी जाळी विणायची की डोळसांनी बघत बसावं. रोज सकाळी ती एकटी जायची, दुपारी एकटी यायची, आणि वाटेत कुणी मदतीला हात धरला तर त्याची शंभर लोकांत शोभा करायची.

गल्ली तिच्या तळपायांना तोंडपाठ होती. फाटकाबाहेर पडलं की खचलेली फरशी, तिच्यात कायम थोडं पाणी. पुढे झाडाच्या मुळानं उचललेल्या फरशांचा उंचवटा. मग हेडबाईंच्या दारचा उतार. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका आणि आता गल्लीच्या समितीच्या अध्यक्षा. त्यानंतर गटाराचं लोखंडी झाकण. तिथे गल्लीला एक बोळ फुटत होता, मागच्या मोकळ्या मैदानाकडे जाणारा. झाकण पायाखाली आलं की डावीकडे राहायचं, म्हणजे थोड्या वेळात लाकडाच्या भुशाचा वास येतो आणि दुकान आलंच. काठी होती तिच्याकडे, पण गल्लीत ती काखेत मारलेली असायची. काठी टेकत चालायचं ते परक्या रस्त्यावर, असं तिचं म्हणणं होतं.

त्या झाकणाची एक वेगळीच गंमत होती. त्याचा एक तुकडा केव्हाचा उडालेला होता, त्यामुळे त्यावर पाय पडला की ते ‘खडांग’ असं वाजायचं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. आत्याला ओरडून सावध करायची कुणाची हिंमत नव्हती. “डोळे गेलेत माझे, कान नाही,” असं एकदा ऐकून घेतलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नसे. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, कुणाच्या ते आता कुणालाच आठवत नाही. मोठ्या रस्त्यावरून एखादी गाडी गल्लीत वळताना दिसली आणि आत्या रस्त्यात असली, की जो जवळ असेल त्यानं जाऊन झाकणावर पाय आपटायचा. एकदा वाजलं की आत्या जागच्या जागी थांबायची. गाडी गेली की पुन्हा वाजवायचं, की ती चालू पडायची. यावर कधी कुणी एका शब्दानं बोललं नाही, तिनंही नाही. ओरडणं तिला अपमान वाटायचा, झाकण वाजणं मात्र गल्लीचं तिच्याशी बोलणं होतं.

गेल्या वर्षी त्या झाडाच्या मुळाला अडखळून ती पडली. गुडघा खरचटला, एवढंच. तिनं धूळ झटकली आणि त्या झाडाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण हे याला औषधांच्या दुकानात कळलं तेव्हा हा गिऱ्हाईक तसंच सोडून घरी आला. आज गुडघा, उद्या डोकं, असं त्याच्या मनानं घेतलं ते घेतलंच. तो समितीत शिरला, सचिव झाला, आणि जो माणूस दुकानात सुट्टी मागायला चाचरायचा त्यानं नगरपालिकेच्या कचेरीत खेटे घालघालून अधिकाऱ्यांना भंडावून सोडलं. शेवटी गल्लीचं काम मंजूर झालं. जुन्या फरशा उखडून सपाट काँक्रीट, मूळ कापायचं, उतार काढायचे, बोळाच्या तोंडाशी असलेली दगडी पायरी काढून मैदानाकडे मालाच्या गाड्या जातील असा सलग रस्ता, आणि मैदानात पावसाच्या पाण्यासाठी मोठी टाकी. ठेकेदारानं पहिल्याच दिवशी विचारलं, “अजून काही?” तर हा म्हणाला, “ते झाकण तेवढं पक्कं बसवा. कुणाचा तरी पाय अडकायचा त्यात.”

हे सगळं त्यानं आत्यासाठी केलं. आत्याला मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, अशी त्याला भीती होती.

काम चालू होतं तोवर ती घरात अडकून पडली. सुतार खुर्च्यांचे सांगाडे घरी आणून टाकायचा आणि ती धुसफुसत विणत बसायची. एकदा जेवताना तिनं विचारलं, “झाकण काढलं का रे?”

“नवीन बसवतायत. आता अगदी आवाज नाही बघ.”

“बरं,” ती म्हणाली आणि हात धुवायला उठली. ताटात अर्धं तसंच होतं.

गल्ली खुली झाली त्या दिवशी त्याच्या दुकानाला साप्ताहिक सुट्टी होती. घरातलं आवरता आवरता उशीर होऊन, ऊन डोक्यावर यायला लागल्यावर आत्या निघाली. तो चपला घालू लागला तसं तिला ऐकू गेलं.

“कुठे निघालास?”

“आज पहिला दिवस आहे. मी येतो ना सोबत.”

“तुला शाळेत कोण सोडायचं? मी का तू?”

“तू.”

“मग बस गप्प. रस्ता कसा आहे तेवढं सांग.”

“एकदम सरळ. गुळगुळीत. पायाला काही लागणारच नाही.”

ती क्षणभर उंबऱ्यावर थांबली. मग काठी टेकत उतरली. तो खिडकीतून बघत राहिला. ती हळू चालत होती, मध्येच थांबत होती, एक पाऊल बाजूला टाकून परत येत होती. ती काठी टेकतेय हे बघून त्याला उलट बरं वाटलं. शेवटी आली बाई ताळ्यावर, असं मनाशी म्हणून तो चहा टाकायला आत गेला.

आत्या पोचली की सुतार एकदा फोन वाजवून बंद करायचा. तेवढ्यावर याचा जीव भांड्यात पडायचा. त्या दिवशी फोन वाजला आणि बंद झाला नाही. वाजतच राहिला. त्यानं उचलला.

“अरे, आज येणार होत्या ना?” सुतार म्हणाला. “का नाही आल्या?”

“निघाली ती. केव्हाची निघाली.”

“इथे तर कुणी नाही. मी दारातच बसलोय.”

फोन जागेवर ठेवलाय की खाली टाकलाय याचं भान त्याला नव्हतं. चहा उतू जात होता तो तसाच उतू जाऊ दिला आणि तो बाहेर पडला. सरळ, गुळगुळीत गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उन्हात लखलखत होती आणि तिच्यात आत्या कुठे नव्हती. त्याला धावायची सवय नव्हती. दोनच घरं ओलांडून त्याला धाप लागली. गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता, त्यावरून बसगाड्या जातात, ट्रक जातात. त्याच्या डोळ्यांपुढे नको नको ते येऊ लागलं. अंगातला सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

बोळाच्या तोंडाशी हेडबाई उभ्या होत्या. जाडजूड शरीर, दुखरे गुडघे, घरातल्याच कपड्यांत उतरलेल्या. एका हातानं भिंत धरून त्या नवीन झाकणावर पाय आपटत होत्या. पुन्हा पुन्हा आपटत होत्या. झाकण वाजत नव्हतं.

“गच्चीतून बघितलं मी,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात शाळा उरली नव्हती. “बोळात शिरल्या रे त्या. मी हाका मारल्या, पण तिकडे पंप चालू आहे, काही ऐकू जात नाही. म्हणून खाली आले. आल्या आल्या पाय आपटला... आणि हे वाजतच नाही.”

तिथे पूर्वी पायरी होती. पायरी लागली की चुकलं, हे पायाला कळायचं. आता गल्ली लोण्यासारखी बोळात उतरली होती आणि तिच्याबरोबर आत्याही. पुढे मैदान, आणि मैदानात टाकीचा खड्डा. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याचे पाय जमिनीला खिळले. हेडबाईंनी त्याला पाठीत ढकललं म्हणून तो हलला.

बोळ संपला. मैदानात खोदकामाचं यंत्र बंद उभं होतं. मजूर लांब, झाडाच्या सावलीत डबे उघडून पाठमोरे बसले होते. खड्ड्यातलं पाणी उपसणारा पंप घरघरत होता. खड्डा दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा खोल होता, तळाशी चिखल आणि वर आलेल्या लोखंडी सळया. बोळाच्या बाजूनं दोरी बांधलेली होती. बाकीच्या बाजूंना काही नव्हतं.

आत्या पलीकडच्या बाजूला होती आणि चालत होती.

ती ज्यावरून चालत होती ते त्यानं बघितलं. चिखलात पाय रुतू नयेत म्हणून मजुरांनी गल्लीतल्या उखडलेल्या जुन्या फरशा ओळीनं टाकल्या होत्या. दोरीला वळसा घालत घालत आत्याच्या पायांना त्या सापडल्या असणार. त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या पायांना ओळखीचं काही भेटलं होतं. ती आता चाचपडत नव्हती. तिची मान वर होती, चाल रोजची होती, आणि काठी तिनं काखेत मारली होती. फरशांची ओळ सरळ खड्ड्याच्या काठाशी जाऊन संपत होती, कारण मजूर तिथून शिडीनं खाली उतरायचे.

“आत्या, थांब,” तो ओरडला.

पंपानं शब्द खाऊन टाकले. तिच्यापर्यंत पोचला तो नुसता आवाज, भाच्याचा. ती थबकली, तिनं तोंड त्याच्याकडे वळवलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग तिनं त्याच्या दिशेनं एक पाऊल टाकलं. दोघांच्या मध्ये खड्डा होता.

आयुष्यभर जो शब्द येताजाता तोंडातून निघायचा तो आता घशात अडकला, आणि अडकला तेच बरं झालं, कारण आणखी एक हाक मारली असती तर ती आणखी एक पाऊल पुढे आली असती. ती कान देऊन उभी होती. तिचा पाय पुन्हा उचलायच्या बेतात होता. बाजूला गल्लीतून आणून टाकलेल्या दगडमातीचा ढीग होता; त्याला धरून तो वेड्यासारखा इकडेतिकडे बघत होता, आणि त्या ढिगावर, फुटक्या फरशांवर तिरकं पडलेलं, त्याला जुनं झाकण दिसलं. तेच, तुकडा उडालेलं. त्यानंच काढायला लावलेलं.

तो ढिगावर चढला आणि त्यानं झाकणावर सगळा भार टाकून पाय आपटला.

खडांग.

आत्या थांबली. इतकी वर्षं थांबत होती तशीच, दोन्ही पाय जुळवून, मान किंचित कलती करून. कुणीतरी गाडी येतेय म्हणून सांगितलं होतं. गाडी जाईपर्यंत ती हलणार नव्हती.

त्यानं श्वास सोडला, आणि तेवढ्यात नवी भीती त्याला चावली. झाकण त्याच्या पायाखाली एका बाजूला दबलेलं होतं. पाय काढला की ते उलटं आपटणार. आणि दुसऱ्यांदा वाजलं म्हणजे गाडी गेली, चल.

तो तसाच उभा राहिला. पाय थरथरत होता आणि पायाबरोबर झाकणही बारीक थरथरत होतं. त्याला वाटलं, आता वाजेल. मजुरांकडे बघून त्यानं दोन्ही हात हलवले, पण त्यांच्या पाठी त्याच्याकडे होत्या. हेडबाई बोळाच्या तोंडाशी पदर तोंडावर दाबून उभ्या होत्या. ढिगावर चढणं किंवा त्या चिखलातून वळसा घालणं त्यांच्यानं शक्य नव्हतं. आत्याची मान हळूच हलली. एवढा वेळ गाडीला लागत नाही, हे तिच्या लक्षात यायला लागलं असावं. तिच्या पायाच्या बोटांपुढे एक फरशी होती, आणि तिच्यापुढे काही नव्हतं.

तो खाली वाकला, पाय तसाच दाबून. दुसऱ्या पायातली चप्पल त्यानं काढली आणि झाकणाच्या उचललेल्या कडेखाली सरकवली. ती पुरेना. पायाखालची काढता येत नव्हती. मग खिशातला रुमाल, मग कमरेचा पट्टा, गुंडाळून गुंडाळून तो त्या फटीत कोंबत राहिला. बोट चिरलं ते त्याला कळलंही नाही. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर तेही आठवेना. त्यानं भार अगदी थोडा थोडा कमी केला. झाकण कुरकुरलं. त्यानं आत्याकडे बघितलं; ती हलली नव्हती. झाकण चपलेवर टेकलं आणि गप्प राहिलं.

एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, असा तो खड्ड्याला वळसा घालून निघाला. धावायची सोय नव्हती. धावला असता तर फरशांचा हादरा तिच्या तळपायांना लागून ती वळली असती. फरशांच्या ओळीवर त्याचा अनवाणी पाय पडला, आणि एक फरशी मध्ये खचलेली लागली, थोडं पाणी साचलेली. ती आपल्या फाटकाबाहेरची, हे त्याच्या तळपायाला डोक्याच्या आधी कळलं. तो आत्याच्या मागे पोचला आणि त्यानं दोन्ही हातांनी तिचा दंड घट्ट धरला.

“कोण ते?” ती खेकसली. “सोड. अजून दुसरं वाजलं नाही.”

“मी आहे, आत्या.”

“मग ओरडलास कशाला मघाशी? आणि गाडी कसली आहे एवढी, संपतच नाही ती?”

त्याला बोलता येईना. त्यानं तिच्या काखेतली काठी काढली, तिच्या हातात दिली आणि तिचा हात पुढे नेऊन टेकवली. काठी फरशीवर वाजली. मग त्यानं ती आणखी जराशी पुढे नेली. काठी कशालाच लागली नाही. ती खाली खाली गेली आणि आत्याचं मनगट वाकलं तरी कशाला लागली नाही.

आत्यानं काठी मागे घेतली, वळली, आणि त्याच्यापुढे चालू लागली. फरशा संपून बोळ लागल्यावर तिनं दंड हिसडून सोडवून घेतला. हेडबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तोही तिनं फिरवू दिला आणि एक शब्द बोलली नाही. तोंडाचा पट्टा चालू असणारी आत्या त्याला सहन व्हायची; ही गप्प आत्या बघून त्याचा जीव पुन्हा खालीवर होऊ लागला.

गल्लीच्या वळणावर ती थांबली.

“कुठे होतं रे ते?”

“इथेच. उजव्या पायाशी.”

तिनं पाय चाचपून नवीन झाकण शोधलं, पाय उचलला आणि जोरात आपटला. झाकणानं हूं की चूं केलं नाही. तिनं पुन्हा एकदा आपटून बघितला.

“चांगलं बसवलंय,” ती म्हणाली. “कुणी सांगितलं होतं?”

“मी.”

“मला विचारायचंस.”

“तू पडशील अशी भीती वाटायची. सारखी वाटायची.”

लाकडाच्या भुशाचा वास येतोय का हे बघत असावी, तसं तिनं नाक वर केलं. वारा उलटा होता. मग तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात हवेत पुढे केला, त्याच्या बाजूला, अंदाजानं. त्यानं तो धरला. शाळेच्या वाटेवर तो हात त्यानं कितीदा धरला होता, पण तेव्हा वाट दाखवणारी ती होती.

“मलाही भीती वाटतेय,” ती म्हणाली. “चल. जपून ने मला.”

हा हात मिळावा म्हणून तो इतकी वर्षं तिच्या मागे लागला होता. आता तो हातात होता, आणि तिनं तो हिसडून घ्यावा, दोन शिव्या घालाव्यात आणि काठी काखेत मारून पुढे निघून जावं, एवढंच त्याला वाटत होतं.